कागदाचा ठरीव मजकूर : न ठरवता लिहिल्या गेलेल्या नोंदींचा इतिहास

१/
१० ऑगस्ट १७६३. गोदावरीच्या काठी, आजच्या बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, राक्षसभुवन येथे माधवराव पेशवे आणि रघुनाथराव यांच्या फौजेने निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजाम अली नदीपलीकडे पोहोचला होता. मागे राहिलेल्या सैन्यासह त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईत मारला गेला.

२/
हा दिवस त्या काळच्या मराठी कागदांत शोधू गेल्यास ‘१७६३’ हा आकडा सापडत नाही. सापडतात ते चार वेगळे आकडे : शके १६८५, हिजरी ११७७, सुहूर ११६४ आणि फसली ११७३. दिवस एकच, वर्षे चार. यांपैकी कोणते वर्ष लिहायचे हे कारकून दर वेळी ठरवीत नसे. कागद कोणत्या जातीचा आहे, यावरून ते आधीच ठरलेले असे.

३/
आज संगणकावर एखादी नोंद जतन केली की तारीख, वर्ग, भाषा, नोंदणाऱ्याचे नाव असे काही रकाने आपोआप भरले जातात. कोणी वेगळे सांगितले नाही, तर ठरीव मूल्य बसते. ही सोय नवी वाटते. पण कागद ‘बाहेर पडताना’ त्याला ठरीव मजकूर चिकटण्याची रीत दफ्तरांइतकीच जुनी आहे. यंत्राचे काम तेव्हा कारकुनाचा सराव करीत असे.

४/
प्रश्न एवढाच की, विचार न करता लिहिलेला मजकूर इतिहासात पुरावा म्हणून किती चालतो? बीडसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न पंडितांपुरता नाही. जमिनीचा हक्क, वयाचा दाखला, जातीचा दाखला या तिन्ही गोष्टी शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी सवयीने भरलेल्या रकान्यांवर उभ्या राहतात.

५/
सुरुवात दगडापासून. अंबाजोगाई येथे यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्याशी संबंधित कोरीव लेख आहेत. यादवकालीन दानलेखाची घडण साधारण ठरलेली असे : आरंभी ‘स्वस्ति श्री’, मग शक व संवत्सर, मग राजाची बिरुदावली, मग दान, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप.

६/
महाराष्ट्रातील अनेक दानलेखांवर हा शाप शब्दांबरोबर चित्रातही कोरलेला दिसतो. त्या शिळांना ‘गद्धेगाळ’ म्हणतात. शाप प्रत्येक दात्याने नव्याने रचलेला नसे. तो दानलेखाचा ठरीव भाग होता. म्हणून एखाद्या शिळेवर शाप आढळला, एवढ्यावरून त्या गावात दानावरून तंटा झाला होता असे अनुमान काढता येत नाही.

७/
पहिला धडा येथेच मिळतो. ठरीव मजकूर त्या एका घटनेविषयी फारसे सांगत नाही. तो त्या काळच्या रीतीविषयी सांगतो. बिरुदावलीत राजा दिग्विजयी असतो, कारण बिरुदावलीत तो तसाच असतो. त्या विशिष्ट घटनेची माहिती हवी असेल तर मधला, बदलता भाग वाचावा लागतो : कोणते गाव, किती जमीन, कोणाला.

८/
दगडाकडून पोथीकडे. अंबाजोगाईशी नाव जोडले गेलेले मुकुंदराज यांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मानला जातो; मुकुंदराजांच्या काळाविषयी व स्थळाविषयी अभ्यासकांत वादही झाले आहेत. असे वाद का होतात, हे समजण्यासाठी पोथीच्या शेवटचा मजकूर पाहावा लागतो.

९/
पोथीच्या शेवटी नकलकार समाप्तीचा मजकूर लिही : ग्रंथाचे नाव, शक, तिथी, वार, स्वतःचे नाव आणि ‘जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये’ अशा अर्थाचा संस्कृत श्लोक. अडचण अशी की, काही नकलकार मूळ प्रतीतील समाप्तीचा मजकूरही तिच्या तारखेसह जसाच्या तसा उतरवून घेत. कागद नवा आणि तारीख जुन्या प्रतीची.

१०/
अशा वेळी तारखेचा रकाना भरलेला असतो. पण तो त्या प्रतीविषयी बोलत नाही. म्हणून पोथीचा काळ ठरवताना अभ्यासक तारखेवर थांबत नाहीत. कागदाची जात, अक्षराचे वळण, शाई, भाषेतील रूपे यांची साक्ष घेतात. रिकामा रकाना निदान आपण रिकामे आहोत हे सांगतो. सवयीने भरलेला रकाना तेवढेही सांगत नाही.

११/
आता मोडी कागद. मोडी पत्रावर काही अक्षरे पुन्हापुन्हा दिसतात. ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात हिजरी महिन्यातील चंद्रदर्शनापासून मोजलेला दिवस. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘प॥’ म्हणजे परगणे, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, ‘रा॥’ म्हणजे राजश्री. हे सारे पत्राचे ठरीव रकाने होत. ते इतके ठरलेले होते की पूर्ण शब्द लिहिण्याचीही गरज उरली नव्हती.

१२/
सुहूर सनाची गोष्ट विलक्षण आहे. हा सन इ. स. १३४४ मध्ये, हिजरी ७४५ या वर्षी हिजरीपासून फुटला. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ऋतूंशी जुळत नाही आणि शेतसारा तर पिकाशी बांधलेला. म्हणून आकडा हिजरीचा ठेवून गणना सौर केली गेली. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की वर्ष बदले. शेतकऱ्यासाठी तेच खरे वर्ष होते. म्हणून त्याला ‘मृगसाल’ असेही म्हणतात.

१३/
सुहूरचा आकडा अंकांत नव्हे, तर अरबी शब्दांत लिहीत, आणि एककापासून वर जात. राक्षसभुवनाचे वर्ष ‘अर्बा सितैन मया व अलफ’ : अर्बा चार, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६४. अंक खोडून बदलणे सोपे असते. असा शब्दांचा आकडा बदलणे तितके सोपे नाही.

१४/
यातून इसवी सन काढण्याची रीत : मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदासाठी ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, सुहूर ११६१ ची. तेथे ५९९ मिळवले तर १७६० येते आणि पानिपत एक वर्ष आधीच घडून जाते. राक्षसभुवन ऑगस्टमधले, तेथे ५९९ च बरोबर.

१५/
बहमनी गेली, निजामशाही गेली, आदिलशाही गेली. मराठी राज्य उभे राहिले, पेशवाई आली. सुहूर सन मात्र कागदावर टिकून राहिला. अरबी न जाणणारे कारकून रोज अरबी आकडे लिहीत होते. त्यामागे निष्ठेचा प्रश्न नव्हता. वसुलाची मागची सगळी खाती त्याच सनात होती आणि नवे खाते जुन्याला जोडायचे होते. ठरीव मूल्य टिकते ते बहुधा असेच : बदलण्याचा खर्च मोठा, न बदलण्याचा त्रास लहान.

१६/
तरीही एकदा हा रकाना जाणीवपूर्वक बदलला गेला. शिवाजी महाराजांची राज्याभिषेकापूर्वीची अनेक आज्ञापत्रे ‘अज रख्तखाने’ अशा फारसी धाटणीने सुरू होतात आणि त्यांत सुहूर सन असतो. ६ जून १६७४ रोजी, शके १५९६ आनंद संवत्सरात, रायगडावर राज्याभिषेक झाला आणि पत्राचा माथा पालटला.

१७/
नव्या माथ्यावर ‘स्वस्ति श्री राज्याभिषेक शक’, संवत्सराचे नाव, तिथी, वार आणि ‘क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपती’ आले. ‘राज्यव्यवहारकोश’ही याच काळातला, राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना त्याने संस्कृत प्रतिशब्द दिले. राज्य स्वतंत्र झाल्याची घोषणा एकदा सिंहासनावरून झाली. त्यानंतर ती निघणाऱ्या प्रत्येक आज्ञापत्राबरोबर होत राहिली.

१८/
पण त्याने सुहूर संपला नाही. छत्रपतींच्या आज्ञापत्रांवर राज्याभिषेक शक राहिला आणि हिशेबाच्या व वसुलाच्या कागदांत सुहूर व फसली चालू राहिले. एकाच राज्यात दोन ठरीव रकाने शेजारी नांदले : एक राज्याची प्रतिष्ठा सांगणारा, दुसरा राज्याचे उत्पन्न मोजणारा.

१९/
पत्राच्या शेवटालाही ठरीव रचना होती. महाराजांच्या पत्रांअखेर ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा उमटे. ती मजकुराची सीमा दाखवी. तिच्याखाली कोणी दोन ओळी घुसडल्या तर त्या उघड्या पडत. ‘मोर्तब सूद’ हा शेरा मुद्रा झाल्याचा. ‘सुरू सूद’, ‘बार’ हे शेरे कागद दफ्तरातून तपासून, नोंदून पुढे गेल्याचे.

२०/
आणखी एक रकाना पत्र लिहिणारा भरत नसे. तो पत्र मिळणाऱ्याकडे भरला जाई. तो म्हणजे पैवस्तीचा शेरा, पत्र पोहोचल्याची तारीख. लिहिल्याची आणि पोहोचल्याची तारीख शेजारी ठेवली की जासूद किती दिवसांत आला हे कळते. कोणाला कोणती बातमी कधी कळली असेल, आणि एखादा निर्णय कोणत्या अज्ञानात घेतला गेला असेल, हे इतिहासकार यावरून मांडतात.

२१/
मायन्याचे तर शास्त्रच होते. कोणाला काय लिहावे याचे नमुने ‘मेस्तक’ नावाच्या लेखनपुस्तकांत दिलेले असत. परंपरा त्यांचा संबंध हेमाद्री ऊर्फ हेमाडपंताशी जोडते. वडिलांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, सरदाराला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’, सुवासिनीला ‘वज्रचुडेमंडित’, विधवेला ‘गंगाभागीरथी’.

२२/
सरदार कर्जात बुडालेला असो, त्याची लक्ष्मी पत्रात अखंडितच असे. मायना व्यक्तीचे वर्णन करीत नसे. तो तिची पायरी सांगत असे. स्त्रीच्या नावामागचा शब्द तर तिचा नवरा हयात आहे की नाही, हे तिने न सांगता जगाला सांगत असे. २०२३ मध्ये विधवांच्या नावापुढे हेच जुने संबोधन लावण्याचा प्रस्ताव महाराष्ट्रात चर्चेला आला आणि त्यावर जोरदार टीका झाली. ठरीव शब्द निरुपद्रवी नसतात, हे तेव्हा पुन्हा दिसले.

२३/
मायन्यानंतर येई ते कुशल : ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जावे’. वाक्य पुरे झाले की ‘विशेष’ म्हणून खरा मजकूर सुरू. त्या विशेषात कधी फौज उपाशी असल्याचे असे, कधी किल्ला पडल्याचे, कधी घरच्या मृत्यूचे. वरती मात्र ‘येथील कुशल’. नव्याने मोडी वाचणारा या वाक्यावर विसंबला, तर अठराव्या शतकात सर्वत्र आनंदीआनंद होता असे त्याला वाटेल.

२४/
म्हणून सरावलेला वाचक हा भाग ओलांडतो. पण डोळे मिटून नव्हे. नेहमीचा मायना एखाद्या पत्रात अचानक उतरलेला दिसला, कुशल वगळलेले दिसले, तर तेथे काहीतरी घडले आहे असे तो समजतो. ठरीव मजकूर जेव्हा ठरल्याप्रमाणे येत नाही, तेव्हाच तो सर्वांत जास्त बोलतो.

२५/
याची दुसरी बाजू म्हणजे गाळलेला रकाना. असंख्य मराठी पत्रांवर दिवस आणि महिना आहे, वर्ष नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू वर्ष ठाऊक होते. ते लिहिण्याचे कारण नव्हते. दोघांच्या मनातील ते ठरीव मूल्य दोघांबरोबर गेले. मागे राहिला फक्त ‘छ’ आणि महिन्याचे नाव.

२६/
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांच्या आणि त्यांच्या नंतरच्या संपादकांच्या श्रमाचा मोठा वाटा अशा पत्रांना वर्ष लावण्यात गेला. पत्रात वार दिलेला असेल तर जंत्रीतून तो कोणत्या वर्षी जुळतो ते पाहायचे. नसेल तर उल्लेखिलेली माणसे, मुक्काम, मोहीम यांवरून काढायचे. जे लिहायला एक ओळही लागली नसती, ते शोधायला पुढे कित्येक दिवस जात.

२७/
खोट्या कागदांची परीक्षाही याच रकान्यांवर होते. १६७४ पूर्वीच्या तारखेच्या पत्रावर राज्याभिषेक शक असेल, किंवा तिथी आणि वार जंत्रीत जुळत नसतील, तर संशय घ्यावा लागतो. बनावट करणारा मजकुराची काळजी घेतो, कारण त्याचा स्वार्थ तेथे असतो. माथा आणि शेवट तो सवयीने लिहितो. आणि त्याची सवय त्याच्या स्वतःच्या काळाची असते.

२८/
आता निजामी राजवटीतील बीड. राक्षसभुवनाला निजामाचा पराभव झाला तरी हा मुलूख पुढे हैदराबाद संस्थानातच राहिला. सरकारी कागदांची भाषा आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू. शेतकरी मराठी बोले, कागद उर्दू बोले. गावांची नावेही कागदावर निराळी असत : अंबाजोगाईचे अधिकृत नाव मोमिनाबाद, बीडचे लेखन ‘भीर’. अंबाजोगाईचा जुना कागद शोधणाऱ्याला मोमिनाबाद तालुका शोधावा लागतो.

२९/
या कागदांचे ठरीव वर्ष फसली. दख्खनचा फसली सन शहाजहानच्या काळात, इ. स. १६३६ मध्ये, हिजरी १०४६ चा आकडा घेऊन सुरू झाला. तोही पिकासाठीच, ‘फसल’ म्हणजे पीक. पण एकच नाव असलेला हा सन सर्वत्र एकाच दिवशी बदलत नसे. मराठी पंचांगांत तो मृगापासून मोजतात, मद्रास इलाख्यात १ जुलैपासून, आणि हैदराबाद संस्थानात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात १ आजूरला तो बदले.

३०/
हैदराबादचे महिने फारसी नावांचे : आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहेर, आबान. नावे इराणची, पण जागा इराणच्या नव्हेत. इराणात वर्ष फरवर्दीनने, मार्चमध्ये सुरू होते. हैदराबादेत आजूरने, ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे आजचे इराणी कालगणनेचे कोष्टक लावून हैदराबादी तारीख काढली, तर ती चुकते.

३१/
उदाहरण घ्यावे. एखाद्या नोंदीत ‘खुर्दाद १३४० फसली’ असे आहे. सरसकट ५९० मिळवले तर १९३० येते. परंतु १३४० फसली हे वर्ष ऑक्टोबर १९३० ते ऑक्टोबर १९३१ असे होते आणि खुर्दाद त्यातला सातवा महिना. म्हणजे इसवी सन १९३१. वर्षातील सुमारे नऊ महिने ५९१ मिळवावे लागतात. एक वर्षाची ही चूक वयाच्या दाखल्यात शिरली की तिचा हिशेब माणसाला द्यावा लागतो.

३२/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. राजवट बदलली, पण कागदाचा माथा लगेच बदलला नाही. १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिऱ्या रद्द करणारा विनियम आला, तो ‘१३५८ फसली’चा म्हणून ओळखला जातो. हक्कनोंदणीचा विनियमही १३५८ फसलीचाच. निजामाची सत्ता संपवणाऱ्या पावलांवर वर्ष निजामी कालगणनेचे.

३३/
जमीन महसुलाचा हैदराबादचा कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू होईपर्यंत तो चालू होता. तीन राज्यांच्या छत्राखाली बीडच्या शेतकऱ्याचा सारा त्याच जुन्या कायद्याने मोजला गेला. राज्याच्या सीमा एका रात्रीत बदलता येतात. नोंदवहीचे रकाने बदलायला त्याहून जास्त काळ लागतो.

३४/
या सगळ्याचा हिशेब २०२३ मध्ये पुढे आला. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर, मराठवाड्यातील मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याची कार्यपद्धती ठरवण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांची प्रवेश रजिस्टरे बाहेर आली. बीडसह मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज एकाएकी वाढली.

३५/
शोध होता एका रकान्याचा. तो ज्यांनी भरला त्यांना पुढे हा शब्द एखाद्या तरुणाच्या शिक्षणाशी आणि नोकरीशी जोडला जाईल, याची कल्पना असणे शक्य नव्हते. जुन्या नोंदवहीत अशा रकान्यात कोठे पूर्ण शब्द असतो, कोठे एक-दोन अक्षरांचा संक्षेप, कोठे नुसती ‘वरीलप्रमाणे’ची खूण. वरच्या ओळीचे मूल्य खाली आपोआप उतरवणारी ती खूण म्हणजे कागदावरचे सर्वांत जुने यंत्र.

३६/
अशी नोंद विचारून केली की सवयीने, हे नुसत्या त्या ओळीवरून कळत नाही. संपूर्ण वही पाहावी लागते : तोच हात इतर घरांना काय लिहितो, खूण कोठे सुरू होते, कोठे तुटते, शेजारच्या गावी रीत कोणती. कोणत्याही बाजूचा दावा असो, एका रकान्याचा सुटा फोटो म्हणजे अर्धा पुरावा. हे शिलालेखाला जितके लागू, तितकेच पाहणी पत्रकाला.

३७/
आजचे सरकारी कागदही या परंपरेबाहेर नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाच्या शेवटी तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे वाक्य, संगणक संकेतांक, डिजिटल स्वाक्षरीचा उल्लेख आणि ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ असते. राज्यपालांनी प्रत्येक निर्णय लिहिलेला नसतो. राज्याची कार्यकारी कृती त्यांच्या नावे व्यक्त व्हावी असे संविधानाचे अनुच्छेद १६६ सांगते. मोर्तब सूद नव्या रूपात आले, इतकेच.

३८/
आणि रकाने अजूनही जाणीवपूर्वक बदलता येतात. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावाची शासकीय कागदांवरील नोंद स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने करण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला. शेकडो वर्षे कागदावर आईसाठी जागा नव्हती. कोणी ती मुद्दाम पुसली नव्हती, ती आखलेलीच नव्हती. आता ती आखली गेली आहे.

३९/
जुना कागद हाती आला की तीन प्रश्न विचारावेत. यातला कोणता भाग लिहिणाऱ्याने ठरवला आणि कोणता आधीच ठरलेला होता? ठरलेला भाग नेहमीसारखाच आहे, की कोठे मोडला आहे? आणि जे लिहिलेले नाही, ते नव्हते म्हणून नाही, की सर्वांना ठाऊक होते म्हणून नाही?

४०/
राक्षसभुवनाच्या लढाईचे वर्ष लिहिताना कारकुनाने ‘अर्बा सितैन मया व अलफ’ हे शब्द न थांबता लिहिले असतील. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते खाली होते : कोण पडले, किती घोडी मिळाली, नदी किती भरली. त्या मजकुराला काळाच्या ओळीत नेमकी जागा आज मिळते ती मात्र त्या न थांबता लिहिलेल्या चार शब्दांमुळे. (समाप्त)